सतरा शिवराया, एक सापळा

६ ऑक्टोबर १९५८, सोमवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. रिटायर होऊन दोन वर्षे झाली, माणसाने रिकामे बसू नये. मालवणच्या कचेरीत एकतीस वर्षे काढली, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. माझ्या टेबलावरून एक कागद कधी हरवला नाही. ही शिस्त फुकट घालवणे बरे नव्हे.

सुभद्रा जाऊन साडेदहा महिने झाले. मार्गशीर्षात वर्ष. लोक येतात, माझ्या तोंडाकडे बघतात आणि जातात. नवऱ्याने बायकोमागे किती खचावे याचा काही हिशेब त्यांच्या मनात असतो, त्यात मी बसत नाही. मला काही वाटत नाही. खरोखरच काही वाटत नाही. मनावर ताबा असला की असे होते.

संकल्प. पाचला उठणे. चहा दोनच वेळा. एखादे मोठे काम हाती घेणे. काम कोणते ते उद्या ठरवीन.

७ ऑक्टोबर. दुपारी.

साडेसातला उठलो. जाग पाचलाच आली होती, पण उठायचे कशासाठी ते आठवेना.

काशीबाई भातकापणीला माहेरी गेली. ही शेजारची, सुभद्रेची जिवाभावाची. एरवी दोन्ही वेळचे रांधून जाते. जाताना म्हणाली, अण्णानू, देवाकडे दिवो तेवढो लावा. वात शोधायला देव्हाऱ्यामागचा पत्र्याचा डबा काढला, आणि काम सापडले.

डब्यात सुभद्रेच्या सतरा पुरचुंड्या. कापडाचा एवढासा चौकोन, आत नाणे, वर दोऱ्याची गाठ. एक सोडून पाहिली तर शिवराई. माझ्या आईकडे शिवरायांचा साठा होता, तो हिच्या ताब्यात आला असणार. बायकांना काहीही बांधून ठेवायची सवयच असते.

नाण्याची स्थिती शोचनीय. वर हळद, कुंकू, तेल यांचे पूट, खाली हिरवा गंज, अक्षराचा पत्ता नाही. एवढी वर्षे घरात ठेवा, आणि ही त्याला हळद लावत बसली. सतराही नाणी शास्त्रोक्त साफ करून, टिकाऊ करून, रिपोर्टसह मुंबईच्या म्युझियमला पाठवायची असे ठरले. दिवसाला एक. चोवीस तारखेला काम फत्ते.

पेज केली. मीठ राहिले. ते ताट धुताना लक्षात आले.

८ ऑक्टोबर.

सगळ्या गाठी सोडल्या. हाताने सुटेनात, कात्री घेतली. चिंध्या तऱ्हेतऱ्हेच्या. विमलाच्या लहानपणच्या परकराचे ठिपके ओळखले. (विमला आमची एकुलती मुलगी, वालावलला दिली आहे.) एक तिच्या मुलाच्या झबल्याची. माझ्या धोतराची किनार दोनतीन ठिकाणी. आणि एक रेघारेघांची, थेट माझ्या अल्पाकाच्या कोटाच्या अस्तराची.

हे कोटाचे प्रकरण जुने आहे. एकोणपन्नास साली मला विषमज्वर झाला. एकवीस दिवस अंथरुणाला होतो, डॉक्टरचे औषध आणि स्वतःची इच्छाशक्ती यांवर उठलो. कचेरीत जायला कोट चढवला तर डाव्या बाजूच्या अस्तराचा तुकडा गायब. सुभद्रा म्हणाली, उंदीर. त्याच दिवशी बाजारातून सापळा आणला. तेव्हापासून नऊ वर्षे दिवेलागणीला सुक्या खोबऱ्याचा तुकडा अडकवून लावतो. खोबरे सकाळी तसेच असते. उंदीर फार बिलंदर आहे.

तर त्याने पळवलेला तुकडा हिला पुढे कुठेतरी मिळाला असणार, आणि हिने तो वापरला. काटकसरी बाई. तुकडा बरोबर चौकोनी आहे, हे त्या उंदराचे विशेष.

चिंध्या टाकल्या नाहीत. नाणी पुसायला होतील.

९ ऑक्टोबर.

प्रयोग पहिला, चिंच. आमच्याकडे तांब्याची घागर चिंचेने घासतात तेच तत्त्व. चार नाणी भिजवली, परकराच्या चिंधीने चोळली. लालबुंद निघाली. दिवसाला एकच्या ऐवजी चार, म्हणजे प्रोग्राम पुढे आहे. दुपारी विश्रांती घेतली.

१० ऑक्टोबर.

चारही नाणी सकाळी पुन्हा हिरवी. खारा वारा. यात माझा दोष नाही.

१३ ऑक्टोबर.

आमसुले, मीठ, राख. तिन्ही एकत्र. नाणी गुलाबी झाली. हातही गुलाबी झाले. भाई सोनाराच्या दुकानात नेऊन दाखवली. भाई माझा तीस वर्षांचा स्नेही, पण तुसडा. म्हणाला, अण्णा, हेंका रवांदे तशी. त्याला म्हटले, तू सोन्यातला माणूस, तांब्यातले तुला काय कळणार. तो हसला नाही.

१५ ऑक्टोबर.

चिवल्याच्या वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर, फिरायला गेलो. समुद्रफेस पसाभर वेचून आणला. पांढरा, हलका, बोटाने भुगा होतो. सोनार लोक हाच वापरतात, म्हणजे भाईच्याच धंद्यातले गुपित मी हाती घेतले. पूड करून झबल्याच्या चिंधीने घासले. चकाकी अशी की कंदील लावायला नको.

घरातल्या टपालाच्या काट्यावर सतराही नाण्यांचे वजन केले. गाठी सोडल्या तेव्हा केले होते त्यापेक्षा पुष्कळ कमी भरले. म्हणजे तेवढी घाण होती.

१७ ऑक्टोबर. सकाळी ११.

आजचा दिवस महत्त्वाचा. नवव्या नाण्यावर अक्षर दिसले. सगळ्या शिवरायांवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असते. यावर खालच्या अंगाला 'सिं' आहे. सिं म्हणजे सिंधुदुर्ग. म्हणजे समोरच्या किल्ल्यात टांकसाळ होती, आणि तीनशे वर्षांत हे कुणाच्या लक्षात आले नव्हते.

म्युझियमला तीन पानी पत्र लिहिले. निबंधाचे नाव ठरवले, 'मालवणची टांकसाळ: एका रिटायर्ड हेडक्लार्कचे संशोधन'.

संध्याकाळी ५.

अक्षर आणखी स्पष्ट व्हावे म्हणून थोडे घासले. आता अक्षर दिसत नाही. ते तिथे होते, याला मी स्वतः साक्षीदार आहे. पत्र दुपारीच टाकले ते बरे झाले.

२० ऑक्टोबर.

भाईकडून तेजाब आणले. देईना. कचेरीत असताना त्याचे लायसन मी एका दिवसात काढून दिले होते, त्याची आठवण दिली. नाणी तेजाबात टाकली की फसफसतात आणि अंगावरचे सगळे सोडतात. बघायला बरे वाटते.

चिंध्या काळ्याकुट्ट झाल्या होत्या. न्हाणीच्या चुलीत घातल्या. तेलकट असल्याने छान पेटल्या. आंघोळीचे पाणी एका चिंधीच्या जाळात कोमट झाले. ती रेघांची होती.

२२ ऑक्टोबर.

भाई म्हणाला, अण्णा, आंगठो बघा. उजवा अंगठा भाजला आहे, कातडे गेले आहे. केव्हा भाजला ते माहीत नाही. दुखत नाही. माझी सहनशक्ती अलीकडे वाढली आहे.

विमलाचे पत्र. बाबांनू, रडलास काय, असे विचारते. 'प्रकृती उत्तम, संशोधन चालू' असे उत्तर टाकले.

२५ ऑक्टोबर, शनिवार.

एक दिवस उशिरा का होईना, काम पूर्ण. सतराही नाणी सुपात घालून अंगणात उन्हात ठेवली. खोबरेल लावले की पुन्हा गंज नाही. तेवढ्यात काशीबाई माहेरून आली. सूप बघून उभीच राहिली. म्हणाली, अण्णानू, ह्यो गाठी कोणी सोडल्यो?

मी सोडल्या असे सांगितले. चकाकी दाखवली. तिने चकाकीकडे बघितले नाही. चिंध्यो खंय, म्हणाली. जाळल्या असे सांगितले. ती पायरीवर बसली. मग हळूहळू बोलली ते असे. ही सुभद्रेची देवाची सांगणी. घरात कुणाचे काही अडले, कोण आजारी पडले, की ती रामेश्वराच्या नावाने शिवराई काढी आणि ज्याच्यासाठी सांगणे त्याच्याच कपड्याचा तुकडा कापून त्यात बांधी. काम झाले की देवळात जाऊन ती गाठ सोडायची, नारळ ठेवायचा. तोपर्यंत सोडायची नाही. आणि माणूस गेले तर मागच्यांनी वर्षाच्या आत ते फेडायचे. वैनीन माझ्याकडना वचन घेतल्यान, म्हणाली, मरताना. वर्साच्या आत अण्णांका घेवन जा.

हे घरात कुणी मला सांगितले नव्हते. असल्या गोष्टींवर माझा विश्वासही नाही. पण वचन हे वचन. व्यवस्था करीन म्हणालो. काशीबाई भाकरी न भाजताच गेली.

२६ ऑक्टोबर.

व्यवस्था झाली. नवे मांजरपाट आणले, सारखे सतरा चौकोन कापले, सतरा नाणी बांधली, शाईने नंबर घातले. पूर्वीपेक्षा कितीतरी नीटनेटके. काशीबाईला बोलावून दाखवले. कोणाचो खंयचो ता कशावरना कळतला, म्हणाली. नंबर आहेत, असे सांगितले. नंबर कसले, म्हणाली. एक ते सतरा, असे सांगितले.

ती रांधून गेली. आमटी तिखट झाली असे जाताना तीच म्हणाली, जेवताना मला कळले नाही.

३० ऑक्टोबर.

फाइल तयार करायला घेतली. 'कै. सुभद्रा हिची सांगणी'. रकाने आखले: अनुक्रमांक, साल, कोणासाठी, काय मागितले, शेरा. अनुक्रमांक भरले.

काशीबाईला तीन आठवतात. एक माझ्या विषमज्वराचे. एक विमलाच्या बाळंतपणाचे. एक मी गलबताने देवगडला गेलो आणि वादळ झाले तेव्हाचे. चौदा राहतात.

मी आठवायला बसलो. अडतीस वर्षांचा संसार. हिला केव्हा कशाची काळजी पडली होती, ते एकही आठवेना. हिने मला कधी सांगितले नसावे. किंवा मी पेपर वाचत असेन.

१ नोव्हेंबर.

काशीबाईला विचारले की मागितलेले मिळाले होते ना, मग हिने तेव्हाच का फेडले नाही. मी विषमज्वरातून उठलो, वादळातून परत आलो, विमला सुखरूप सुटली. म्हणजे चूक हिचीच.

काशीबाई तवा उतरवून म्हणाली, तिना देवाक जोडीन येतलंव म्हणान सांगलेला, अण्णानू. एकटी कशी जातली? कितीदा इचारल्यान तुमका.

इचारल्यान, हे खरे. रामेश्वराकडे जावन येवया काय, असे म्हणायची. मला वाटे, हिला फिरायला जायचे असेल. एकोणपन्नास साली ऑडिट होते. बावन्न साली इलेक्शनचे काम. मग म्हटले, रिटायर झाल्यावर जाऊ. रिटायर झाल्यावर म्हटले, पाऊस जाऊ दे. गेल्या वर्षी माझे गुडघे धरले होते. देऊळ घरापासून वीस मिनिटांवर आहे.

हे सगळे फाइलमध्ये 'शेरा' या रकान्यात लिहिणार होतो. जागा कमी पडली.

६ नोव्हेंबर.

म्युझियमचे उत्तर आले. टंकलिखित, सही वाचता येत नाही. जुनी तांब्याची नाणी कृपया साफ करू नयेत, ज्या अवस्थेत आणि ज्या कापडात अगर भांड्यात मिळाली त्यासहच पाठवावीत, कारण त्यावरूनच ती कोणाची, कशासाठी ठेवलेली, हे कळते, असा मजकूर. टांकसाळीबद्दल एक ओळ, की पुरावा दिसल्यावर विचार करू.

साहेबाने माझी पद्धत पाहिलेली नाही. पत्र फाइलला लावले.

११ नोव्हेंबर. दिवाळी.

दुखवट्यामुळे काही केले नाही. शेजाऱ्यांनी फराळ पाठवला, डबे तसेच आहेत. एक वाजेपर्यंत खुर्चीत बसलो होतो. दुपारचा की रात्रीचा ते सांगता येणार नाही, पणत्यांमुळे रात्रभर उजेड होता.

१९ नोव्हेंबर.

काही नाही.

२१ नोव्हेंबर.

खोबरेल लावूनही नाणी काळवंडली. भाईकडे नेली. त्याने डोळ्याला भिंग लावून एकेक पाहिले आणि पुन्हा मांजरपाटात बांधून दिले. म्हणाला, अण्णा, ह्यो आता शिवरायो नाय रवल्यो. ह्यो चकत्यो. मी म्हटले, तांबे तर तेच आहे. तांबा ताच, म्हणाला. मग बराच वेळ त्याने बागेसरी, म्हणजे सोनारकामाची शेगडी, फुंकली आणि मी बसून राहिलो. उठताना तो म्हणाला, वैनी सगळ्या गाठींक हळद माझ्याच दुकानासमोरच्या वाण्याकडना न्हेय. त्याला हे माहीत होते, आणि काशीबाईला माहीत होते. वाण्यालाही असेल.

२४ नोव्हेंबर.

इंग्रजी तारखेने आज वर्ष झाले. तिथी अजून पुढे आहे, यंदा अधिक महिना होता. काही वाटेल म्हणून सकाळपासून वाट पाहिली. वाटले नाही. चार वेळा चहा घेतला.

५ डिसेंबर, शुक्रवार.

विमला वर्षश्राद्धासाठी आली. मुलाला सासरी ठेवून आली. आल्या आल्या म्हणाली, बाबांनू, आयेचो डबो दाखवा. काशीबाईने तिला पत्राने कळवले असावे. मी फाइल दाखवली. तिने रकाने पाहिले. रिकामे आहेत, म्हणाली. मी म्हटले, भरण्याचे काम चालू आहे.

तिने मांजरपाटाच्या पुरचुंड्या मांडीवर घेतल्या आणि हुंगल्या. तेजाबाचा वास येतो. मग रडली. मी तिच्यासमोर बसलो होतो. पाठीवर हात ठेवावा असे वाटले, पण मग हात तिथेच ठेवायचा की उचलायचा हे कळेना, म्हणून ठेवला नाही.

नंतर ती म्हणाली, सगळे तुकडे आठवतात काय तुमका? मी सांगत गेलो, ती मोजत गेली. परकर, झबले, किनारी, अस्तर, तिच्या नवऱ्याच्या सदऱ्याचे कापड, माझ्या आईच्या लुगड्याचा पदर. सोळा झाले. सतरावा काशीबाईच्या चोळीचा निघाला. काशीबाई चुलीपाशी होती, तिने वळून पाहिले नाही.

विमला म्हणाली, आणि आयेचा? तिच्या लुगड्याचा?

मी दोनदा आठवून पाहिले. तसा तुकडा नव्हता. खोकला एवढा वाढला होता, सहा महिने ती अंथरुणाला होती, पण स्वतःसाठी तिने एकही गाठ बांधली नव्हती. हे लिहिताना पहिल्यांदाच अंगठा दुखतो आहे.

८ डिसेंबर, सोमवार. दुपारी १२.

सकाळी रामेश्वराकडे गेलो. मी, विमला, काशीबाई. थंडी होती, म्हणून पेटीतून अल्पाकाचा कोट काढून घातला. वाटेत मोजले. वीस नाही, सतरा मिनिटे लागली.

नाणी केळीच्या पानावर मांडली. गुरवाने नारळ हातात घेऊन विचारले, कोणाच्या नावान, काय सांगलेला? मी म्हणालो, माहीत नाही. कचेरीत असे उत्तर देणाऱ्याला मी कधी टेबलाजवळ उभे केले नव्हते. फाइल बरोबर होती, ती काढली नाही.

काशीबाईने पुढे होऊन त्याला जोडीचे सांगितले, मग त्याने गाऱ्हाणे घातले. बा देवा रामेश्वरा, हेच्या घरच्या माणसान जा काय सांगलेला, ता हेका म्हायत नाय, तुका म्हायत आसा. ता जोडीन येवचा होता, हो एकटो इलो. चुकला माकला ता पदरात घी आणि जेचा तेका पोचव रे म्हाराजा. विमला आणि काशीबाई म्हणाल्या, व्हय म्हाराजा. माझ्या तोंडून शब्द आला नाही. गुरवाने माझ्याकडे पाहिले आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून म्हटले. तेव्हा मीही म्हणालो, व्हय म्हाराजा.

बाहेर आलो तर खाडीकडून वारा. डाव्या कुशीला गार लागले. कोटात हात घालून पाहिले, अस्तराला तेच भोक. बाकावर बसून कोट काढला आणि उलटा केला. एकोणपन्नासपासून रिटायर होईपर्यंत रोज अंगावर होता, असा उलटा करून कधी पाहिला नव्हता. भोक चौकोनी. चारही कडा आत दुमडून बारीक टाके घातलेले, उसवू नये म्हणून. दोरा अस्तराच्याच रंगाचा शोधून आणलेला.

उंदीर नव्हता.

तिथेच बाकावर रडू आले. बराच वेळ आले. काशीबाई आणि विमला पायऱ्यांवर थांबल्या होत्या, त्यांनी घाई केली नाही.

संध्याकाळी.

सापळा आज लावला नाही. उद्या भाईला देईन. त्याच्या दुकानात उंदीर आहेत.